एकही जीव न गमावता

१

हॅवरस्टॉक टॉवर बघायला येणारी माणसं आत शिरताच मान वर करतात. ती मान खाली आणणं हे इर्मा द्वोराकचं पहिलं काम असे.

"वर नंतर बघा," ती म्हणे. "एकेचाळीस मजले कुठे पळून जात नाहीत. आधी पायाखाली बघा."

मग ती त्यांना काळ्या-हिरव्या फरशीतल्या पितळी पट्ट्या दाखवी. फिरत्या दारापासून लिफ्टपर्यंत माणसाला न बोलता नेऊन सोडणाऱ्या पट्ट्या. दारातून आत येतानाचं छत जेमतेम आठ फूट, आणि पुढच्या पावलाला ते एकदम तीस फुटांवर जातं, ते कशासाठी? "आधी तुम्हाला वाकायला लावलंय," इर्मा सांगे, "म्हणजे पुढे छाती भरून यावी. लबाडी आहे, पण काय देखणी लबाडी आहे!" भिंतीवरचा संगमरवर एकाच दगडाचा. करवतीनं कापून पुस्तकाच्या पानांसारखा उघडलेला, डाव्या पानावरची शीर उजव्या पानावर तशीच. लिफ्टच्या दारांवर पितळी बगळे. त्यांच्याकडे बघताना चौतीस वर्षं शाळेत भूमितीची रेखाटनं शिकवलेल्या या बाईचा आवाज अजूनही हलका होई.

शिकागोत हे काम हौशी माणसंच करतात. पगार नाही, एक बिल्ला, वर्षाला एक परीक्षा, आणि जुन्या वास्तू दाखवणाऱ्या संस्थेची कडक नियमावली. दोन पुरावे असल्याशिवाय काही सांगायचं नाही. पाहुण्याचा प्रश्न कधीही अधांतरी सोडायचा नाही. नवरा फ्रँक गेला त्या वसंतात इर्मानं बिल्ला घेतला. तेव्हापासून अकरा वर्षं, मंगळवार आणि शनिवार, दुपारी दोन वाजता.

त्या मंगळवारी तिच्यासमोर चौदा माणसं होती. ती त्यांना दोन लिफ्टांच्या मधल्या उभ्या नळीपाशी घेऊन आली. काचेची नळी, पितळी चौकट, एका तळहाताची रुंदी. जुन्या काळी प्रत्येक मजल्यावरून तिच्यात पत्र टाकत. ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली येई आणि तळाच्या पितळी पेटीत पडे.

"आणि हा सगळा डोलारा," तिनं नेहमीसारखा श्वास घेतला, "चौदा महिन्यांत उभा राहिला. एकही जीव न गमावता."

या वाक्यानंतर ती दोन क्षण थांबे, लोकांना 'वा' म्हणता यावं म्हणून.

त्या दोन क्षणांत काचेमागून एक पाकीट खाली गेलं.

करडं होतं. कडेवर उभं, सुर्रकन, आणि पेटीत पडल्याचा बारीक 'टप्'.

"अगंबाई!" ओहायोहून आलेल्या एका बाईनं टाळी वाजवली. "किती गोड कल्पना आहे ही! रोज टाकता का तुम्ही?"

प्रश्न अधांतरी सोडायचा नसतो. "हो," इर्मा म्हणाली. "रोज."

नळी तेहेतीस वर्षांपूर्वीच बंद झालेली होती.

२

"मास्तरीणबाई, तुम्ही जेवलात का आज?" क्लीओनं विचारलं.

क्लीओफस बॅटल हा इमारतीचा देखभाल-प्रमुख. तेहेतीस वर्षं इथे. पाइपला कान लावून कुठल्या मजल्यावर नळ गळतोय ते सांगणारा माणूस.

"जेवले. आणि चष्माही पुसलेला होता. चौदा जणांनी बघितलं, क्लीओ."

"एक वेळ पाकीट पडेल. पण तुम्ही शनिवारी मला तो गोड पाव, कोलाच, आणून देणार होतात आणि आणला नाहीत, ते मात्र पटत नाही."

"पेटी उघड."

त्यानं किल्ल्यांचा जुडगा चाळला आणि पेटी उघडली. आत धूळ होती आणि एक सुकलेला पतंग. धूळ सपाट होती. तिच्यावर काही पडल्याची खूण नव्हती.

इर्मानं लगेच तर्क मांडला. असं घडतं, जुन्या नळ्यांमध्ये पत्रं अडकून राहतात. वरच्या मजल्यांवर हॉटेलसाठी तोडफोड चाललीय, हादरे बसताहेत. एखादं सुटलं असेल आणि पेटीच्या वर कुठेतरी पुन्हा अडकलं असेल.

"असू शकलं असतं," क्लीओ म्हणाला. "चला."

पाचव्या मजल्यावर त्यानं टॉर्च मारून दाखवलं. काचेच्या आत, नळीच्या पूर्ण रुंदीत, आडवा लोखंडी पत्रा. आग लागली तर नळीतून धूर चढू नये म्हणून मारलेला. चार स्क्रू, चारही गंजलेले.

"मी नवा लागलो त्या वर्षीचं माझंच काम आहे हे," क्लीओ म्हणाला. "वरून काही येत नाही, बाई. येऊच शकत नाही."

"मग खालच्या चार मजल्यांत असेल अडकलेलं."

"असेल," तो म्हणाला. त्यानं टॉर्च जरा घाईनंच बंद केला.

३

इर्मा भित्री नव्हती. ज्या बाईनं चौतीस वर्षं सोळा वर्षांच्या पोरांच्या हातात कर्कटकं दिली तिला भुताखेतांचं काय? तिनं ते प्रमेयासारखं घेतलं.

शनिवारी तिनं वाक्य नेहमीसारखं म्हटलं. पाकीट पडलं. पुढच्या मंगळवारी वाक्याच्या जागी ती खोकली आणि थेट बगळ्यांकडे वळली. काही पडलं नाही. त्या शनिवारी वाक्य म्हटलं, पडलं. या वेळी ती काचेला नाक लावून उभी होती. पत्ता जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलेला होता, ओलं बोट लावून गिरवतात तसा. अक्षरं लागली नाहीत. आणि पाकीट पूर्वीपेक्षा हळू गेलं, हे तिला शपथेवर सांगता आलं असतं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचाच तिला आता राग येऊ लागला होता.

दौरा संपला की ती भिंतीजवळच्या रेडिएटरपाशी बसे. तिथेच बेनिसिओ हात शेकायला येई. बेनिसिओ आर्से. बाहेर दोरांवर टांगलेल्या फळीवर उभं राहून इमारतीचा चुनखडी दगड धुणाऱ्या टोळीतला. तीस-एकतीसचा. मिशीत कायम पांढरा दगडी चिखल.

"टीचर, तुम्ही आतून हिची स्तुती करता आणि मी बाहेरून हिला आंघोळ घालतो," तो म्हणे. "पण खरं सांगा, हिनं कधी आपल्या दोघांना चहा विचारलाय?"

त्या दिवशी त्यानं फोनवर एक फोटो दाखवला. एकोणचाळिसाव्या मजल्याबाहेर दगडी बगळे आहेत, माणसाच्या दुप्पट उंचीचे. खालून दिसते ती फक्त त्यांची छाती. बेनिसिओनं पाठीमागे हात घालून फोटो काढला होता. पाठीवरसुद्धा एकेक पीस कोरलेलं.

"बघ!" इर्माला भरून आलं. "कुणी बघणार नाही हे माहीत असून कोरलंय. याला म्हणतात काम."

"ते सोडा. हे खाली बघा."

पिसांच्या खाली छिन्नीनं खरवडलेली अक्षरं होती. दोन-दोनच्या जोड्यांत, एकाखाली एक. वीसेक जोड्या, सगळी वळणं वेगळी.

"पाथरवटांच्या खुणा," इर्मा ताबडतोब म्हणाली. "दगड कुणी घडवला ते कळावं म्हणून. त्यावरून मजुरी मिळायची."

"एकाच बगळ्याला वीस पाथरवट?"

"मोठा बगळा आहे."

बेनिसिओ हसला. "खाली अजून जागा आहे. माझीपण दोन खरवडून टाकू का?"

"हात तर लावून बघ! संरक्षित वास्तू आहे. दंड होईल."

"म्हणजे मी मेलो तरी नाव लागायचं नाही," तो म्हणाला आणि टोपी ओढून बाहेर गेला. फिरत्या दारातून वाऱ्याचा एक थंड झोत आत आला.

ती रेडिएटरपाशीच बसून राहिली. तिला मार्च महिना आठवत होता. गेले दोन आठवडे तोच आठवत होता, पण ती त्याला जवळ येऊ देत नव्हती.

४

मार्चमध्ये एक म्हातारा आला होता. ऐंशीचा, तपकिरी कोट घातलेला. वाक्य झाल्यावर सगळे 'वा' म्हणाले तेव्हा त्यानं हात वर केला, वर्गात करतात तसा.

"माझा आजोबा इथेच मेला, बाई," तो म्हणाला. "रिव्हेट झेलायचा. पोलाद जोडायचे खिळे, लाल तापलेले, बादलीत. एकोणतिसाव्या मजल्यावरून गेला."

"तुमच्याकडे काही कागद आहे का?" इर्मानं विचारलं होतं. आवाज गोड, शिक्षिकेचा.

"कागद कुठून असणार? तो इमारतीत पडलाच नाही. बाहेर फूटपाथवर पडला. फूटपाथ शहराचा. म्हणून कंपनीनं धरला नाही. आजीला सांगितलं, रस्त्यावरचा अपघात."

"आमचा नियम असा आहे, सर, की दोन पुरावे—"

"मी आहे की पुरावा."

लोक हसले होते. इर्माही हसली होती. म्हाताऱ्यानं आजोबाचं नाव एका कागदाच्या तुकड्यावर लिहून दिलं. तिनं तो खिशात टाकला, आणि त्या आठवड्यात तो कोट धुवायला गेला.

आता संस्थेच्या नोंदवहीत तिला निदान म्हाताऱ्याचं नाव सापडलं. स्टीव्ह हुडाक, राहणार सिसेरो उपनगर. तिनं फोन लावला. उचलला त्याच्या मुलीनं, पॅटीनं.

"बाबा एप्रिलमध्ये गेले," ती म्हणाली.

"अरेरे. मला फार—"

"तुम्ही त्याच का? बिल्लेवाल्या?" पलीकडे ताट आपटल्यासारखा आवाज झाला. "तुमच्याकडून घरी आले आणि कोटसुद्धा न काढता तीन तास स्वयंपाकघरात बसून होते. मी म्हटलं, जेवा. तर म्हणाले, पॅटी, त्यांनी मला विचारलं, पुरावा आहे का. आयुष्यभर पैसा साठवल्यासारखी हिंमत साठवून आले होते तुमच्याकडे. आता कशाला फोन केलाय?"

"त्यांच्या आजोबांचं नाव हवं होतं."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"ओंड्रे हुडाक," पॅटी म्हणाली. "लिहून घ्या या वेळी."

इर्मानं लिहून घेतलं. फ्रँकच्या जुन्या पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरात, रेखाटनाच्या कागदावर.

दुसऱ्याच दिवशी ड्वाइट रेनफ्रोनं तिला बोलावलं. नव्या मालकांचा माणूस; उंची सूट, सदा फोन कानाला. त्यानं नळीशेजारच्या भिंतीवर कापडानं झाकलेली एक पितळी पाटी दाखवली. सोमवारी हॉटेलचे खालचे मजले उघडणार होते; वरचे अजून तोडलेलेच होते. त्याआधी शनिवारी खास पाहुण्यांना दौरा, आणि त्यातच पाटीचं अनावरण.

"पाटीवर तुमचंच वाक्य घेतलंय, मिसेस द्वोराक," तो म्हणाला. "'चौदा महिन्यांत, एकही जीव न गमावता.' तुम्ही ते म्हणता ना, अंगावर काटा येतो. शनिवारी ते म्हणा आणि मी कापड ओढतो."

"त्या वाक्याबद्दल जरा शंका आहे मला."

"कसली?"

"एक माणूस मेला होता, असं कळलंय."

"पुरावा?"

मार्चमध्ये तिनंच वापरलेला तो शब्द आता तिच्याकडे परत आला होता.

"हे बघा," रेनफ्रो समजावणीच्या सुरात म्हणाला, "ही लॉबी खासगी जागा आहे. तुमच्या संस्थेला आम्ही आनंदानं येऊ देतो. तो आनंद टिकावा अशी माझी इच्छा आहे. तुमचीही असेल."

तिची होतीच. घरी काय होतं? फ्रँकची खुर्ची होती. इथे आठवड्यातून दोन वेळा माणसं तिचं ऐकून मान वर करत होती. वाक्य म्हटलं की हे सगळं राहणार होतं. नाही म्हटलं की जाणार होतं. आणि वाक्य म्हटलं की ते पाकीट पडणार होतं.

५

शुक्रवारी दुपारी तिनं क्लीओला सांगितलं, मला नळीचं वरचं तोंड बघायचंय.

"नका," तो म्हणाला.

"का?"

"वारा आहे."

"आत कसला वारा?"

त्यानं लिफ्टचं बटण दाबलं. वर जाताना तो तावातावानं रेनफ्रोबद्दलच बोलत होता. "मी त्याला सकाळी सांगितलं, वारा मर्यादेबाहेर आहे, पोरांना फळीवरून उतरव. म्हणतो, सोमवारी उद्घाटन आहे, पूर्वेची बाजू काळीच ठेवू का? उद्यापण चढवणार आहे त्यांना. लिहून दिलंय मी. माझा कागद कुठे गेला असेल ते तुम्हीच सांगा."

एकोणचाळिसावा मजला पूर्ण सोलून काढला होता. भिंती नाहीत, छत नाही. नुसते पोलादी खांब, आणि त्यांच्यावर रिव्हेटांची गोल डोकी, ओळीनं. इर्मा थबकली. अकरा वर्षं ती या इमारतीच्या कपड्यांचं वर्णन करत आली होती. अंग आज पहिल्यांदा बघत होती. प्रत्येक डोकं म्हणजे तापलेला एक तुकडा, कुणीतरी फेकलेला, कुणीतरी बादलीत झेललेला. हजारो.

नळी लिफ्टच्या भिंतीला तेवढी शिल्लक होती. तिच्या तोंडावर पितळी झडप, पत्र टाकायची. क्लीओ खिडकीपाशीच थांबला, नळीकडे तोंड करून.

"जवळ ये की."

"इथून बरं दिसतंय." मग तो हळूच म्हणाला, "तेहेतीस वर्षांत मी त्या भिंतीकडे पाठ करून कधी डबा खाल्लेला नाही, बाई. का ते मला विचारू नका. मलाच माहीत नाही."

इर्मानं काचेला कान लावला. आधी आपल्याच रक्ताची गाज. मग कागदांची सळसळ, फार खालून. पुष्कळ पत्रं कुणीतरी शांतपणे लावत बसल्यासारखी. वाऱ्यानं होऊ शकतं, ती स्वतःला म्हणाली. उंच इमारत डुलते. नळी हलली की आतला कागद घासला जातो. पण पाचव्या मजल्यावर पत्रा आहे, त्याच्या वरच्या नळीत कागद आलाच कुठून?

तिनं झडपेला हात लावला आणि झटकन काढला. ती गरम होती. बाहेर नोव्हेंबर होता, मजल्यावर हीटर नव्हता आणि ते पितळ चुलीवरून उतरवल्यासारखं गरम होतं.

"क्लीओ—"

झडप आतून उघडली. बोटभर. तिच्या फटीत एका बोटाचं पेर आलं, काळवंडलेलं, नख नसलेलं, आणि पितळेच्या कडेवर टेकलं. आत टाकायला नव्हे. घ्यायला. पलीकडून कागद येण्याची वाट बघणाऱ्या माणसाचं बोट जसं टेकतं तसं.

त्या नळीची खोली चार इंच होती. मागे लिफ्टची सलग भिंत.

इर्माच्या तोंडून कसंबसं निघालं, "उद्या. उद्या सांगते मी. नाव घेऊन सांगते."

पेर थोडा वेळ तसंच राहिलं. मग ते आत गेलं आणि झडप, आवाज न करता, मिटली.

"कुणाशी बोललात?" क्लीओनं विचारलं. तिनं वळून बघितलं. तो खिडकीकडे तोंड फिरवून उभा होता, दोन्ही हात काचेवर. काचेबाहेर बेनिसिओची फळी वाऱ्यानं हेलकावत होती. बेनिसिओनं त्यांना बघून ओलं फडकं हलवलं.

६

शनिवारी वीस पाहुणे होते, उंची कोटांतले. रेनफ्रो पाटीशेजारी कापडाचं टोक धरून उभा. दारापाशी पहारेकऱ्याच्या टेबलाला टेकून क्लीओ. आणि सगळ्यांच्या मागे पन्नाशीची एक बाई, तिच्या मापाहून मोठा तपकिरी कोट घातलेली. इर्मानं तो कोट ओळखला; काल रात्री तिनंच पॅटीला फोन करून बोलावलं होतं.

तिनं त्या दिवशी दौरा दिला तसा अकरा वर्षांत दिला नव्हता. फरशी, छत, उघडलेल्या पुस्तकासारखा संगमरवर. बगळ्यांच्या पाठीवरची पिसंसुद्धा सांगितली. लोकांचे चेहरे उजळले. इमारत खरंच सुंदर होती. तेच तर सहन होत नव्हतं.

मग ती नळीपाशी आली.

"हा सगळा डोलारा चौदा महिन्यांत उभा राहिला," ती म्हणाली. रेनफ्रोची मूठ कापडावर आवळली. "आणि तो उभारताना एक माणूस मेला. ओंड्रे हुडाक. रिव्हेट झेलायचा. एकोणतिसाव्या मजल्यावरून पडला, तो बाहेरच्या फूटपाथवर. फूटपाथ शहराचा म्हणून कंपनीनं त्याला मोजला नाही. मीपण मोजला नाही, अकरा वर्षं."

कुणी 'वा' म्हटलं नाही. इर्मा काचेकडे बघत राहिली. एक क्षण. दोन. तीन.

काही पडलं नाही.

मागे पॅटीनं कोटाची बाही डोळ्यांना लावली. रेनफ्रोचा चेहरा पांढरा पडला होता. कापड अजून पाटीवरच होतं. बिल्ला जाईल तर जाऊ दे, इर्माला वाटलं. सुटले.

"फक्त एकच?" पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थानं विचारलं. साधा प्रश्न. कुतूहलाचा.

प्रश्न अधांतरी सोडायचा नसतो.

"हो," इर्मा म्हणाली. "फक्त एक."

म्हणतानाच तिला बगळ्याची पाठ दिसली. दोन-दोन अक्षरं, एकाखाली एक.

काचेमागून पाकीट आलं. या वेळी ते पेटीत गेलं नाही. पेटीच्या तोंडाशी थांबलं, सपाट, पत्त्याची बाजू काचेला लावून. त्याच्यावर दुसरं. मग तिसरं. घाई नव्हती, ओळीत उभी असलेली माणसं एकेक पाऊल पुढे सरकतात तशी ती येत होती. करडी, पिवळी, एक कडेला जळलेलं. प्रत्येकावर जांभळी पेन्सिल, प्रत्येकावर वेगळा हात. आता वाचता येत होतं. मायकेल टिर्नी. योनास ग्रिगास. एक नुसतंच 'लुई, पाणक्या'. ओंड्रे हुडाकही होता, इतरांमध्ये, बरोबर त्याच्या जागी.

"हे... हे योजलेलं आहे का?" कुणीतरी विचारलं. कुणी टाळी वाजवली नाही.

पॅटी पुढे येऊन मोठ्यानं नावं वाचू लागली, तिच्या बापाच्या कोटात. इर्मा मोजत होती. अठरा. एकोणीस. वीस. थर तिच्या गळ्यापर्यंत आला, हनुवटीपर्यंत आला. एकविसावं तिच्या ओठांसमोर टेकलं आणि मग नळी शांत झाली.

"बाविसावं नाही," इर्मा स्वतःशी म्हणाली. बगळ्याखालच्या जोड्या तिनं त्या दिवशी मोजल्या नव्हत्या. आता ती त्यांनाच आठवून मोजत होती, आणि जोड्या संपल्यावर खाली राहिलेली कोरी जागा तिला दिसत होती.

तेव्हा वरून आणखी एक आलं. ते पांढरं होतं. कोरं करकरीत, दुकानातून आजच आणल्यासारखं. ते फार हळू आलं आणि तिच्या डोळ्यांसमोर थांबलं. त्याच्या कडेला, काचेच्या आतून, काळवंडलेलं एक पेर टेकलेलं होतं. नीट दिसावं म्हणून धरल्यासारखं.

निळ्या बॉलपेननं लिहिलेलं नाव तिनं वाचलं.

"क्लीओ!" ती किंचाळली. "फळी उतरव! त्यांना खाली घे!"

क्लीओ धावला. इर्माही धावली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, पितळी पट्ट्यांवरून, त्या आठ फुटी छताखालून. तिथे पाय आपसूक मंदावतात. तशीच रचना आहे त्याची. फिरत्या दाराच्या काचेतून तिला उभा दोर दिसला. तो ताठ हवा होता. तो सापासारखा वळवळत होता.

ती बाहेर आली तेव्हा लोकांचं कडं झालेलं होतं. एक बादली लवंडली होती आणि साबणाचा फेस फरशांच्या सांध्यांतून रस्त्याकडे वाहत होता. कड्यातून एक बूट दिसत होता, पांढऱ्या दगडी चिखलाचा. क्लीओ गुडघ्यांवर बसलेला होता आणि त्याची टोपी हातात होती.

इर्माच्या मागे फिरतं दार एक फेरा फिरलं. रेनफ्रो बाहेर आला. तो पुढे गेला नाही. दारातच, इमारतीच्या शेवटच्या पितळी पट्टीवर थांबून त्यानं फोन कानाला लावला. पलीकडच्या माणसानं काहीतरी विचारलं. रेनफ्रोनं टाचा उंचावून कड्यापलीकडे बघितलं. बूट कुठे आहे ते बघितलं.

"नाही, आत नाही," तो म्हणाला. "फूटपाथवर."

पलीकडचं ऐकता ऐकता त्याचे खांदे सैल झाले.